पंपाच्या प्लेटवरचं शेवटचं अक्षर

लोटे, महाड, तारापूर, कुरकुंभ, अंबरनाथ. महाराष्ट्रातल्या कुठल्याही रासायनिक वसाहतीत गेलात तरी सॉल्व्हेंटच्या टाक्यांजवळ, डाइकच्या भिंतीबाहेर एक पंप गुरगुरत असतो. टँकरमधलं टोल्युइन टाकीत न्यायचं, टाकीतलं रिअ‍ॅक्टरमध्ये, हेच त्याचं दिवसरात्रीचं काम. रिअ‍ॅक्टरवर सगळ्यांचा डोळा असतो, बॉयलरची वर्षाला तपासणी होते. पंपाची आठवण मात्र तो बंद पडल्यावरच येते.

तो जे द्रव वाहतो त्याचा स्वभाव आधी सांगितला पाहिजे. टोल्युइनचा फ्लॅश पॉइंट ४ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे कोकणातल्या थंडीतल्या पहाटेसुद्धा त्याच्या पृष्ठभागावर पेट घेण्याइतकी वाफ असतेच. हवेत ही वाफ १.१ ते ७.१ टक्क्यांच्या मध्ये असली की मिश्रण स्फोटक होतं. ते पेटवायला सुमारे ०.२४ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. मोटारीच्या दाराला हात लावताना बोटाला जी ठिणगी जाणवते, ती याहून मोठी असते. शिवाय ही वाफ हवेपेक्षा तिपटीने जड. ती वर उडून जात नाही, केबलच्या चरात आणि गटारात उतरून बसते.

असा पंप सुरक्षित चालवायचा कसा, यावर कारखान्यात दोन मतं असतात. एक मत म्हणतं, योग्य यंत्र घ्या आणि माणसाच्या चुकीला जागाच ठेवू नका. दुसरं म्हणतं, यंत्र कुठलंही आणा, शेवटी ते चालवणाऱ्याच्या हातावर असतं. पुढच्या संवादातली माणसं कोणा एका कारखान्यातली नाहीत, पण त्यांचं बोलणं मी अनेक कारखान्यांत ऐकलं आहे. काका मेंटेनन्सचे फोरमन, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. मॅडम प्रोसेस सेफ्टी इंजिनीअर, वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. जुना पंप काढून मॅग-ड्राइव्ह पंप बसवायचं ठरलं आहे. नवा पंप लाकडी खोक्यातून नुकताच बाहेर आला आहे.

काका : पंप देखणा आहे, मॅडम. पण जुन्यात काय वाईट होतं? अठरा वर्षं चालला. सील गळायला लागलं की आम्ही बदलायचो.

मॅडम : गळायला लागल्यावर बदलायचो, तेच तर खटकतं मला. शाफ्ट केसिंगमधून बाहेर येतो तिथे एकच मेकॅनिकल सील. एकमेकींवर घासणाऱ्या दोन चकत्या, त्यांच्यामध्ये द्रवाचा एक पातळ थर, आणि पलीकडे यार्डातली हवा. तो थर बिघडला हे आपल्याला वास आल्यावर कळायचं. नव्या पंपात शाफ्ट बाहेर येतच नाही. मोटर बाहेरचा चुंबक फिरवते, तो बंद डब्यातल्या चुंबकाला ओढतो आणि त्याच्याबरोबर इम्पेलर फिरतो. सीलच नाही, मग गळणार कुठून?

काका : फ्लँजमधून. गॅस्केटमधून. कोणीतरी अर्धवट बंद केलेल्या ड्रेन वॉल्व्हमधून. सील गेलं म्हणून गळतीच गेली, असं नका समजू.

मॅडम : मान्य. पण सर्वांत जास्त गळणारी जागा तर गेली? आता ही प्लेट बघा. झोन १, ग्रुप टू-बी, टी-फोर. वाफ कायम किंवा बराच वेळ असते तो झोन ०, म्हणजे टाकीचं पोट. रोजच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १. काही बिघडलं तरच, तेही थोडा वेळ, येते तो झोन २. आपला पंप झोन १ ला चालतो. टी-फोर म्हणजे त्याचा पृष्ठभाग १३५ अंशांवर जाणार नाही. टोल्युइन स्वतःहून पेटतं ते ४८० अंशांच्या आसपास.

काका : म्हणजे निर्धास्त.

मॅडम : टोल्युइनपुरते. उद्या प्रॉडक्शनवाल्यांनी याच पंपातून कार्बन डायसल्फाइड न्यायचं म्हटलं तर हीच प्लेट कुचकामी. ते शंभर अंशांच्या आसपासच आपोआप पेटतं, त्याला टी-सिक्स लागतो, म्हणजे ८५ अंशांची मर्यादा. त्याचा ग्रुपही टू-सी, म्हणजे अधिक सहज पेटणाऱ्या वाफांचा.

काका : हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नव्हतं. आमच्यासाठी एफएलपी, म्हणजे फ्लेमप्रूफ, लिहिलं की झालं. आणि तेही कसं सांभाळलं जातं ते मी सांगतो. एफएलपी मोटरच्या टर्मिनल बॉक्समध्ये स्फोट होत नाही, असं नव्या पोरांना वाटतं. आत वाफ शिरू शकते, आत स्फोटही होऊ शकतो. डबा एवढा दणकट असतो की तो फुटत नाही. झाकण आणि डबा यांच्यातल्या अरुंद फटीतून ज्वाळा बाहेर येईपर्यंत थंड होते. सगळा खेळ त्या फटीचा. आता आपल्याकडचा पावसाळा बघा. बॉक्समध्ये पाणी जातं म्हणून कोणीतरी प्रेमाने त्या फटीवर सिलिकॉन सीलंट थापतो. कोणी रंग मारतो. आठ बोल्टांपैकी एक गंजून तुटतो, तर सातावरच झाकण बसवतात. केबल ग्लँड साधं घालतात. प्लेट तशीच चकचकीत आणि डबा एफएलपी राहिलेला नसतो.

मॅडम : म्हणूनच मी म्हणते, तपासणी हवी, नोंद हवी.

काका : नोंद आहे. दर तीन महिन्यांची. सगळीकडे टिक मारलेली आहे. बोल्ट सातच आहेत.

मॅडम : (थांबून) बरं. मग ही दुसरी प्लेट बघा. मोटरची वेगळी, पंपाची वेगळी. पूर्वी लोक विजेचाच विचार करायचे. पण बेअरिंग तापू शकतं, इम्पेलर केसिंगला घासू शकतो, कपलिंगचा गार्ड वाकून ठिणगी पाडू शकतो. म्हणून बिगर-विद्युत भागांसाठीही आता स्वतंत्र मानक आहे, आयएसओ ८००७९ मालिकेतलं. विजेच्या उपकरणांसाठी आयएस-आयईसी ६००७९. आणि आपल्या देशात पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेची, म्हणजे पेसोची मान्यता. तिचं मुख्यालय आपल्याच नागपुरात.

काका : नंबर वाचला. शेवटी इंग्रजी एक्स का आहे? जुन्या मोटरवरही होता. आम्हाला वाटायचं, छापायची काहीतरी पद्धत असेल.

मॅडम : काका, या प्लेटवरचं सर्वांत महत्त्वाचं अक्षर तेच आहे. प्रमाणपत्राच्या नंबरामागे एक्स असला की समजायचं, हे यंत्र सुरक्षित आहे, पण खास अटींवर. अटी प्लेटवर मावत नाहीत, म्हणून प्रमाणपत्रात आणि सूचनापुस्तिकेत असतात.

काका : मग या पंपाच्या अटी काय?

मॅडम : पुस्तिका काल मीच वाचली. पंप कोरडा चालवायचा नाही. आत हवा ठेवून चालवायचा नाही. दोन्ही बाजू बंद करून चालवायचा नाही. डिस्चार्ज ठरावीक प्रवाहाच्या खाली दाबून ठेवायचा नाही. कारण या पंपाला स्वतःचं असं तापमान नाही, ते आतल्या द्रवावर ठरतं. डबा धातूचा आहे. चुंबक फिरला की डब्याच्या पत्र्यातच विजेचे प्रवाह फिरतात आणि तो तापतो. द्रव वाहतं, तोवर ते उष्णता वाहून नेतं आणि आतल्या बेअरिंगलाही तेच वंगण देतं. द्रव संपलं की टी-फोरचा शब्दही संपला.

काका : जुना पंप कोरडा पडला की मला शेडबाहेरून कळायचं. आधी केसिंगमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज, मग बारीक शिट्टी. सक्शन कमी पडतंय हे कानाला कळतं, मीटरला नाही.

मॅडम : तुमचा कान मी नाकारत नाही. पण तुम्ही रात्री तीनला इथे नसता. स्टार्ट बटण कंट्रोल रूममध्ये आहे. सक्शन आणि डिस्चार्ज दोन्ही वॉल्व्ह बंद राहिले आणि तिकडून कोणी पंप सुरू केला, तर मोटरची सगळी शक्ती आतल्या दोन-तीन लिटर द्रवात जाते. ते तापत जातं, दाब वाढत जातो आणि केसिंग बॉम्बसारखं फुटू शकतं. त्या वेळी आजूबाजूला ऐकणारा कोणी नसतो. म्हणून टाकीत खालच्या पातळीचा स्विच, डब्यावर तापमानाचा सेन्सर आणि पॅनेलमध्ये पॉवर मॉनिटर. पंप कोरडा पडला की मोटरवरचा भार एकदम उतरतो. तो उतरला की ट्रिप. कोणाला विचारायचं नाही.

काका : एवढं सगळं त्या विजेमुळेच ना? मग ड्रम भरायला हवेवर चालणारा डायफ्रॅम पंप आहे, तोच सगळीकडे लावा. त्यात मोटर नाही, ठिणगी नाही. हवा बंद झाली की पंप गप्प.

मॅडम : इथे मात्र तुमचा कान आणि डोळा दोन्ही उपयोगाचे नाहीत, काका. टोल्युइन विजेचं अत्यंत वाईट वाहक आहे. नळीतून, फिल्टरमधून वेगाने जाताना ते स्वतःच विजेने भारतं. तो भार दिसत नाही, ऐकू येत नाही. डायफ्रॅम पंपाची बॉडी साध्या पॉलिप्रॉपिलिनची असेल तर भार तिच्यावरही साठतो. त्याला वाहक बॉडी हवी, अर्थिंग हवं. ड्रमला क्लॅम्प हवा, आणि तो रंगावर नको, घासलेल्या पत्र्यावर हवा. नळी तळापर्यंत गेलेली हवी. तिचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला एक मीटरच्या आत.

काका : अर्थिंग आम्ही करतो. दर फ्लँजला तांब्याचा जंपर आहे.

मॅडम : अर्थिंग केलेल्या टाकीतही स्फोट झाला आहे. १७ जुलै २००७, अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातलं व्हॅली सेंटर. टँकरमधला नॅफ्था टाकीत भरत होते. टाकी नीट अर्थ केलेली होती. पण भरणं मध्येच थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं, लाइनमध्ये हवा शिरत होती आणि टाकीच्या तळाशी पाणी आणि गाळ होता. त्यामुळे भार झपाट्याने वाढला. टाकीत पातळी दाखवणारा फ्लोट होता, त्याची जोडणी सैल होती. तिथेच ठिणगी पडली, असा अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाचा निष्कर्ष आहे. सुमारे ६,००० लोकांना घरं सोडावी लागली. सांगा, त्या सकाळी कितीही अनुभवी फोरमन तिथे असता, तर त्याला ती सैल कडी दिसली असती का?

काका : नसती दिसली. हे मानतो. पण आता माझं ऐका. पायपर अल्फा तुम्हाला शिकवलं असेल.

मॅडम : हो. उत्तर समुद्रातला तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. १६७ माणसं गेली.

काका : तिथेही पंपच होता. कंडेन्सेटचे दोन पंप, ए आणि बी. दिवसपाळीने ए पंपाचा सेफ्टी वॉल्व्ह तपासायला काढला आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज लावला. संध्याकाळपर्यंत वॉल्व्ह परत बसला नाही. रात्री पावणेदहाच्या सुमारास बी पंप ट्रिप झाला, पुन्हा सुरू होईना. रात्रपाळीने ए पंपाचं परमिट काढलं. त्यात पंपाच्या दुरुस्तीचा कागद होता. वॉल्व्ह काढल्याचं परमिट वेगळं होतं आणि ते त्यांच्यासमोर आलंच नाही. त्यांनी ए सुरू करायला घेतला. त्या फ्लँजमधून कंडेन्सेट निसटलं आणि दहाच्या सुमारास पहिला स्फोट झाला. हा घटनाक्रम लॉर्ड कलन यांच्या चौकशीने मान्य केला आहे. आता तुम्ही सांगा. या पंपाला हवे तेवढे सेन्सर लावा. आपल्या जागी एक वॉल्व्ह नाही, हे कुठल्या सेन्सरला कळलं असतं? ते दिवसपाळीच्या माणसाला माहीत होतं. त्याने तोंडाने सांगायला हवं होतं.

मॅडम : खरं आहे. सेन्सर पंपाची आत्ताची अवस्था सांगतो. काल त्याच्याशी काय केलं ते माणूसच सांगू शकतो.

काका : (बराच वेळ गप्प राहून) एक सांगू? पूर्वी ज्या कारखान्यात होतो तिथली गोष्ट. टाकीला खालच्या पातळीचा स्विच होता. रिटर्न लाइन चालू झाली की टाकीत खळखळ व्हायची आणि तो उगीच ट्रिप द्यायचा. एका शिफ्टमध्ये पाच-पाच वेळा. प्रॉडक्शनवाले ओरडायचे. एका रात्री मी पॅनेल उघडलं आणि वायरचा तुकडा लावून स्विच बायपास केला. सकाळी काढीन म्हटलं. दोन-अडीचच्या सुमारास टाकी रिकामी झाली आणि पंप कोरडा चालत राहिला. मी वर होतो. खाली एक कंत्राटी पोरगा होता, आठ दिवसांपूर्वी लागलेला. त्याला आवाज विचित्र वाटला आणि त्याने लाल बटण दाबलं.

मॅडम : वाचवलं त्याने.

काका : मी खाली येऊन त्याच्यावर ओरडलो. कोणाला विचारून पंप बंद केलास, म्हणून. सकाळी पंप उघडला तेव्हा सीलचा स्लीव्ह निळा पडला होता आणि चकत्या तडकल्या होत्या. दुपारी त्याला शोधत गेलो, तर ठेकेदाराने त्याला दुसरीकडे पाठवला होता. त्याची माफी मागायची राहून गेली.

मॅडम : काका, चूक एकट्या तुमची नव्हती. पाच वेळा खोटा ट्रिप देणारा स्विच तसाच ठेवणारा माझ्यासारखाच कोणीतरी इंजिनीअर होता. खळखळ होते तिथे स्विच लावायचा नसतो, किंवा त्याला काही सेकंदांचा विलंब द्यायचा असतो. खोटं बोलणाऱ्या यंत्राला माणसं बायपास करणारच. ट्रिप वारंवार का येतो ते शोधणं माझं काम आहे. तो गुपचूप न काढणं तुमचं.

काका : मग बायपासचं काय करायचं? कधीतरी लागतोच.

मॅडम : लागला तर वायरचा तुकडा पॅनेलच्या आत लपवायचा नाही. कोणी केला, का केला, किती वाजता काढणार, हे कंट्रोल रूमच्या फळ्यावर लिहायचं. शिफ्ट बदलताना मोठ्याने वाचायचं. आणि बायपास आहे तोवर पंपाशेजारी एक माणूस उभा.

काका : आणि त्या माणसाला बटण दाबायला कोणाची परवानगी लागणार नाही.

मॅडम : नाही लागणार. प्रॉडक्शन मॅनेजरचीसुद्धा नाही.

काका : अजून एक. तुमची ती पुस्तिका इंग्रजीत आहे. त्या पोराला ती वाचता आली नसती, मला अर्धीच वाचता येते. एक्सच्या अटी मराठीत लिहा. शेजारी हिंदीतही, कारण लोडिंगला निम्मी पोरं बाहेरची आहेत. पाच ओळी, मोठ्या अक्षरात. पंपापासून हातभर अंतरावर.

मॅडम : तुम्ही सांगा, मी लिहिते. तुमच्याच शब्दांत.

त्यांनी काय लिहिलं ते वाचकांनी आपापल्या पंपाशी ताडून बघावं. सक्शन पूर्ण उघडा आहे का? केसिंगमधली हवा काढून पंप द्रवाने भरला का? डिस्चार्जला वाट आहे का? अर्थचा क्लॅम्प उघड्या धातूवर आहे का? आवाज किंवा वास बदलला तर आधी बंद करा, मग विचारा.

माझं मत या वादात मॅडमच्या बाजूने सुरू झालं आणि काकांपाशी येऊन थांबलं. पंपाच्या पोटातली उष्णता आणि नळीतला विजेचा भार माणसाच्या इंद्रियांना कळत नाहीत. तिथे चांगल्या यंत्राला, सेन्सरला आणि अर्थिंगला पर्याय नाही, आणि त्यावरचा खर्च वाचवणारा मालक कामगाराच्या जिवावर बचत करतो. पण प्रमाणपत्र मिळतं ते अटींवर. त्या अटी रोज, प्रत्येक शिफ्टला कोणीतरी पाळाव्या लागतात. तो कोणीतरी बहुतेक वेळा यार्डातला सर्वांत कमी पगाराचा माणूस असतो. त्याला अटी माहीत नसतील तर त्या नसल्यातच जमा, आणि त्या मोडताना बघून त्याला पंप थांबवता येत नसेल तर माहीत असून उपयोग नाही.

डोंबिवलीने मे २०१६ आणि मे २०२४ असे दोन मोठे स्फोट सोसले. त्यांची कारणं या पंपाहून वेगळी होती, पण दोन्ही वेळा काचा कुंपणाबाहेरच्या घरांच्याही फुटल्या. आपल्या बहुतेक रासायनिक वसाहतींना आता लोकवस्तीने वेढलं आहे. पंपाच्या प्लेटवरचं शेवटचं अक्षर त्या घरांसाठीही असतं.

दरवर्षी ४ मार्चला आपण कारखान्यांत सुरक्षेची शपथ घेतो. त्या दिवसाची वाट पाहू नका. उद्या पाळीवर गेलात की आपल्या पंपाची प्लेट पुसा आणि प्रमाणपत्राचा नंबर शेवटपर्यंत वाचा. एक्स असेल तर त्याच्या अटी मागून घ्या, मराठीत लिहा आणि पंपाशेजारी लावा. आणि ज्याच्या हाताशी लाल बटण आहे, त्याला सगळ्यांसमोर सांगा, की ते दाबल्याबद्दल त्याला कधीही कोणी ओरडणार नाही.